निकालानंतरचा मोफत वकील

घटस्फोटाचा दावा लढवून माणूस कोणत्या अवस्थेत कोर्टाबाहेर पडतो, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. दावा चार-सहा वर्षे चाललेला असतो. तारखांपायी रजा संपलेल्या असतात, दागिने मोडलेले असतात, भावाकडून किंवा पतपेढीतून उचललेले पैसे फिटायचे असतात आणि वकिलांची शेवटची फीही थकलेली असते. अशा वेळी निकाल विरोधात गेला, किंवा बाजूने लागूनही पोटगी हाती येईना, मुलाची भेट होईना, की पुढचा वकील कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो. बहुतेकांना दोनच वाटा दिसतात : आणखी कर्ज काढायचे, नाहीतर नशिबाला बोल लावून गप्प बसायचे. तिसरी वाट कायद्याने करून ठेवली आहे, पण तिथे लोक फार उशिरा पोचतात, आणि पोचतात तेही सगळ्या आयुष्याची कैफियत घेऊन. म्हणून इथे एकच मुद्दा मांडायचा आहे. मोफत वकील मिळणे वाटते तेवढे अवघड नाही. त्याचा उपयोग होणे मात्र दोन गोष्टींवर ठरते : निकालानंतर तुम्ही किती दिवसांत जाता, आणि नेमके काय मागता.

आधी हक्काचे पाहू, कारण संकोच तिथूनच सुरू होतो. पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, म्हणून राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावे, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये लिहिले आहे. हा अनुच्छेद १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आला. त्याला अंमलात आणणारा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. या कायद्याचे कलम १२ प्रत्येकाने एकदा तरी वाचावे. मोफत वकील कोणाला मिळू शकतो याची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत ‘स्त्री किंवा बालक’ एवढेच म्हटले आहे. स्त्रीच्या उत्पन्नाची अट तिथे नाही. ती शिक्षिका असो, बँकेत कारकून असो की घरकाम करणारी असो, तिचा हक्क सारखाच. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही उत्पन्नाची मर्यादा लागत नाही. यादीतल्या इतर कोणत्याच रकान्यात न बसणाऱ्यांसाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली आहे. महाराष्ट्रात ती तीन लाख रुपये आहे. उत्पन्नाबद्दल अर्जदाराने केलेले शपथपत्र पुरेसे मानता येते, असे कलम १३ सांगते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तहसीलदारांचा दाखला मागतात, तो असेल तर जोडावा, पण दाखल्यावाचून अर्जच देता येत नाही असे कोणी म्हणाले तर हे कलम दाखवावे. सगळ्यांनाच लागू असलेली अट एकच, आणि ती रास्त आहे : तुमच्या मागणीत प्रथमदर्शनी काहीतरी तथ्य दिसले पाहिजे.

मोफत याचा अर्थ नुसती वकिलाची फी नव्हे. कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, नकला, कागदपत्रांचे भाषांतर, अपिलाची कागदपत्रे तयार करणे हे सारे त्यात येते. शिवाय महाराष्ट्रातील स्त्रियांसाठी एक वेगळी सवलत आहे, तिचा विसर अनेकदा वकिलांनाही पडतो. राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, विवाहाशी निगडित मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या विषयांवरील स्त्री पक्षकारांच्या दाव्यांची, अर्जांची आणि अपिलांची कोर्ट फी माफ केली आहे. ही माफी खासगी वकील केला तरी मिळते. तेव्हा ‘कोर्ट फी भरावी लागेल’ म्हणून कोणी रक्कम मागितली, तर ती कशाची, हे लेखी विचारावे.

अर्ज कुठे द्यायचा? प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. उच्च न्यायालयात जायचे असेल तर तिथली स्वतंत्र समिती आहे. जिल्ह्याच्या कार्यालयाचे काम न्यायिक सेवेतील अधिकारी सचिव म्हणून पाहतात आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर कार्यालयाने तो लिहून घ्यायचा असतो. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक आहे. अर्जावरचा निर्णय लगेच, आणि जास्तीत जास्त सात दिवसांत द्यावा, असा प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. हे सात दिवस कधी सुरू झाले, याचा पुरावा तो शिक्काच असतो.

आता मुदतीकडे येऊ. निकालानंतरची सर्वांत मोठी हानी इथेच होते. निकाल ऐकून माणूस खचतो, महिनाभर कोणाशी बोलत नाही, मग नातेवाईक समजूत घालतात, मग वकिलाचा शोध सुरू होतो, आणि तोवर अपिलाची मुदत उलटलेली असते. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील होते आणि कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ मध्ये त्यासाठी तीस दिवस दिले आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये नव्वद दिवस आहेत, आणि हिंदू विवाह कायद्याखालील दाव्यांत नव्वद दिवस धरावेत असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २०१६ चा निर्णयही आहे. तरीही सामान्य पक्षकाराने तीस दिवसच डोळ्यांसमोर ठेवावेत. नव्वदचा युक्तिवाद वकिलाला गरज पडली तर वापरू द्यावा. आपण त्याच्या भरवशावर दोन महिने घरी बसू नये. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे असे दावे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात आणि अपील जिल्हा न्यायालयात जाते. परस्पर संमतीने हुकूमनामा झाला असेल, तर कौटुंबिक न्यायालयाच्या त्या हुकूमनाम्यावर अपीलच नाही. समन्स नीट न बजावता एकतर्फी निकाल झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज निकाल कळल्यापासून तीस दिवसांत द्यावा लागतो. या घाईमागे आणखी एक कारण आहे. अपिलाची मुदत अपील न होता संपली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दोघेही पुन्हा विवाह करायला मोकळे होतात. समोरच्याने दुसरे लग्न केल्यावर उशिराने आलेल्या अपिलाची गुंतागुंत किती वाढते, हे सांगायला नको.

पोटगीच्या बाबतीत मुदतीचा फास उलट बाजूने बसतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. त्याखालची थकीत पोटगी वॉरंटने वसूल करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल आज ना उद्या’ म्हणत दोन वर्षे थांबलेली स्त्री पहिल्या वर्षाचे पैसे या मार्गाने मिळवण्याचा हक्क स्वतःच्या चांगुलपणापायी गमावते. थकबाकी तीन महिन्यांची झाली की अर्ज टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने नाते बिघडेल ही भीती घटस्फोटाच्या निकालानंतर बाळगण्यात अर्थ नाही.

मुदत मोजली जाते ती कागदावरून, म्हणून कागद ताब्यात हवेत. निकालाच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, नकलेसाठी अर्ज करावा. अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज करायला तुम्ही घालवलेले दिवस वगळले जात नाहीत. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी असे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येच म्हटले आहे. ती मागून घ्यावी. याखेरीज मूळ अर्ज, समोरच्याची कैफियत, दोघांची मालमत्ता व देणी यांची शपथपत्रे, पुराव्याची शपथपत्रे, उलटतपासण्या, अंतरिम आदेश आणि रोजनामा एवढे असले की नव्या वकिलाला काम सुरू करता येते. यातली मालमत्तेची शपथपत्रे विशेष पाहावीत. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी अशी शपथपत्रे द्यावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. तुमच्या प्रकरणात समोरच्याने हे शपथपत्र दिलेच नसेल, किंवा पोटगी आदेशाच्या तारखेपासून धरली असेल, तर वरच्या कोर्टात मांडायला ठोस मुद्दा हाती आहे.

इथे हमखास एक अडचण येते : जुने वकील फाईल देत नाहीत, कारण त्यांची फी राहिलेली असते. फी हा त्यांचा हक्क आहे आणि ती ते रीतसर वसूल करू शकतात. पण फीपोटी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली स्पष्ट केले. आधी तोंडी विनंती करावी, मग पोच घेऊन लेखी पत्र द्यावे, आणि तरीही अडवणूक झाली तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. मात्र तक्रारीच्या मागे लागून मुदत घालवू नये. कोर्टाच्या दप्तरातून नकला काढणे बहुतेक वेळा जास्त लवकर होते, आणि मोफत साहाय्य मंजूर झाले की त्यांचा खर्चही तुमच्यावर पडत नाही. वकील बदलायला जुन्यांची ना हरकत लागते. ती मिळत नसेल तर कोर्टाची परवानगी मागून नवे वकीलपत्र दाखल होते.

मागणी नेमकी असावी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. एका अर्जात लिहिले असते : ‘माझ्यावर सासरच्यांनी आणि कोर्टातही अन्याय झाला आहे, माझे कोणी नाही, तरी मला न्याय मिळावा.’ दुसऱ्यात : ‘कौटुंबिक न्यायालयाने १२ मार्च रोजी घटस्फोटाचा हुकूमनामा दिला. मला दरमहा सहा हजार व मुलीला चार हजार पोटगी ठरली. एप्रिलपासून एकही हप्ता आलेला नाही. पती खासगी कंपनीत नोकरीला आहे, पगारपत्रकाची प्रत सोबत आहे. वसुलीची दरखास्त दाखल करण्यासाठी वकील मिळावा.’ दोन्ही अर्जांमागचे दुःख सारखेच खरे असेल. पण दुसरा अर्ज वाचून सचिवांना कोणता वकील नेमायचा ते कळते आणि वकिलाला पहिल्याच भेटीत मसुदा करता येतो. निकालानंतरच्या मागण्या साधारण पाच-सहाच असतात : अपील, एकतर्फी निकाल रद्द करणे, पोटगीची वसुली, परिस्थिती बदलल्यामुळे पोटगीत वाढ किंवा घट, मुलांचा ताबा वा भेट, आणि स्त्रीधन परत मिळवणे. यातली तुमची कोणती, हे घरीच ठरवावे. दोन असतील तर दोन वेगळे अर्ज द्यावेत. मुलांच्या ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की पुन्हा तपासता येतो, आणि कायम पोटगीचा अर्ज हुकूमनाम्यानंतरही करता येतो. तेव्हा हाती आलेला निकाल म्हणजे सगळ्याच गोष्टींचा शेवट, असे समजायचे कारण नाही.

अपिलाबद्दल मात्र थोडे कठोर बोलणे भाग आहे. न्यायाधीशांनी माझे ऐकूनच घेतले नाही, समोरचा धडधडीत खोटे बोलला, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक हरलेल्या पक्षकाराची असते आणि पुष्कळदा ती खरीही असते. वरचे कोर्ट मात्र दप्तरात काय आहे ते पाहते. समोरच्याचे खोटे उघड करणारा कागद तुम्ही दाखल केला होता आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखच नाही, हा अपिलाचा मुद्दा झाला. तो कागद तुमच्या कपाटातच राहिला असेल, तर अपिलात तो नव्याने आणायला वेगळी परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. मोफत वकील हे सांगतो तेव्हा तो टाळाटाळ करतो आहे असे वाटते. भरपूर फी घेणाऱ्या वकिलानेही हेच सांगायला हवे.

सर्वांत मोठा आक्षेप आता घेतो : फुकटचा वकील मनापासून काम करतो का? या शंकेला आधार आहे. प्राधिकरणाच्या पॅनेलवरील, म्हणजे यादीवरील, वकिलांना मिळणारे मानधन खासगी फीच्या मानाने फार थोडे असते, काही जण तारखेला कनिष्ठाला पाठवतात, काही जण फोन उचलत नाहीत. हे झाकून ठेवण्यात पक्षकाराचे हित नाही. पण त्यावरून ही वाटच निरुपयोगी ठरवणे चुकीचे आहे, कारण इथे पक्षकाराच्या हाती अशी साधने आहेत जी खासगी वकिलाच्या बाबतीत नसतात. पॅनेलवरील एखाद्या वकिलाबद्दल चांगले ऐकले असेल तर अर्जात तशी पसंती सांगता येते. काम समाधानकारक नसेल तर कारणे लिहून वकील बदलून मागता येतो. नेमलेल्या प्रकरणांवर लक्ष ठेवण्यासाठी प्राधिकरणाची देखरेख समिती असते. पक्षकाराकडून कोणत्याही रूपात पैसे घ्यायला पॅनेलवरील वकिलाला नियमाने बंदी आहे. चहापाणी, टायपिंग, साहेबांचे असे काहीही म्हणून कोणी मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करावी. हे सारे चालते ते पक्षकार जागा असेल तरच. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. प्रत्येक तारखेनंतर वहीत दोन ओळी लिहाव्यात : कोण हजर होते, काय झाले. अशी वही घेऊन गेलेल्या माणसाची तक्रार आणि नुसती ‘वकील लक्ष देत नाही’ ही तक्रार यांत कार्यालय फरक करते, आणि तो करणे योग्यच आहे.

दुसरा आक्षेप असा की विधी सेवावाले तडजोड गळ्यात मारतात. लोकअदालत हे प्राधिकरणाचे मोठे काम आहे आणि प्रकरणे मिटवण्याकडे तिथला कल असतो, हे नाकारता येणार नाही. तडजोड वाईट नसते. थकीत पोटगीची एकरकमी रक्कम ठरून ती त्याच दिवशी हाती पडत असेल, तर दरखास्तीच्या तीन वर्षांपेक्षा ती बरी. पण लोकअदालतीतला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून पुरसिसवर, म्हणजे तडजोडीच्या लेखी निवेदनावर, सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर आहेत का ते पाहावे : नेमकी रक्कम, ती द्यायची तारीख, आणि न दिल्यास काय. मुलांच्या शिक्षणाचा खर्च ‘पुढे पाहू’ म्हणून सोडू नये. ‘मला एक दिवस विचार करू द्या’ असे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तडजोड नाकारली म्हणून मोफत वकील काढून घेता येत नाही.

तीन लाखांहून थोडे जास्त कमावणारा, कलम १२ च्या कोणत्याच रकान्यात न बसणारा पुरुष अर्थातच विचारेल, माझे काय? कायद्यातली ही उणीव खरी आहे. कर्जाचे हप्ते आणि पोटगी वजा जाता त्याच्या हाती काय उरते, याचा हिशेब ती मर्यादा करत नाही. त्याच्यासाठी काही मार्ग मात्र आहेत. विधी महाविद्यालयांच्या साहाय्य केंद्रांत सल्ला आणि मसुदा मिळू शकतो. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराने स्वतः बाजू मांडावी हीच कायद्याची मूळ कल्पना आहे, आणि गरज वाटली तर न्यायालय स्वतःहून एखाद्या वकिलाला न्यायमित्र म्हणून नेमू शकते. नोकरी गेली असेल तर पोटगीत घट मागण्याचा अर्ज त्याने स्वतः द्यावा. हप्ते नुसते थांबवून बसला तर थकबाकी आणि वॉरंट दोन्ही वाढतात. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली स्वतंत्र उत्पन्न नसलेला पती किंवा पत्नी, कोणीही, दाव्याचा खर्च समोरच्याकडून मागू शकतो. त्या कायद्याखालचे अपील चालू असतानाही हे कलम वापरता येते, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत असा अर्ज निकाली काढावा असे कायदा म्हणतो.

जिथे मारहाणीची किंवा घरातून काढण्याची भीती आहे, तिथे वकिलाच्या आधी वेगळ्या दारात जावे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर, १८१ ही महिला हेल्पलाईन, आणि १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष, ही ती दारे. मुंबईत मजलिस ही फ्लाविया ॲग्नेस यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली संस्था स्त्रियांच्या कौटुंबिक दाव्यांत अनेक वर्षे काम करते. घटस्फोट झाला म्हणून हिंसाचार कायद्याचे दार बंद होत नाही. पूर्वीच्या सहजीवनातल्या हिंसेबद्दल घटस्फोटित स्त्रीही त्याखाली दाद मागू शकते.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागावे आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करावे. मोफत साहाय्याचा अर्ज पडून होता एवढ्याने मुख्य प्रकरणाची मुदत आपोआप वाढत नाही, म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘अपिलाची मुदत अमुक तारखेला संपते’ असे ठळक लिहावे. नक्कल अजून हातात आली नसेल, तरी नकलेच्या अर्जाची पावती जोडून हा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.